तुमची हजेरी कुठं धरलीय?

माझ्याकडं हिशोब घेऊन येणाऱ्या बायकांना मी एक प्रश्न हमखास विचारते आणि तो कुणालाच आवडत नाही. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं छोटं ऑफिस आहे, दोन टेबलं, एक प्रिंटर आणि फाइलींचे ढीग, अकाउंट्स, जीएसटी, उद्यम नोंदणी, लोनचे प्रोजेक्ट रिपोर्ट असली कामं चालतात आणि अलीकडं त्यात बायकांचे धंदे भरपूर यायला लागलेत. कुणाची चटणी, कुणाचे केक, कुणाचं शिवण, कुणाच्या चपात्या मेसला जातात, कुणी पुढच्या खोलीत पार्लर काढलंय. वहीत कच्चा माल असतो, पिशव्या असतात, रिक्षाभाडं असतं, एकीनं तर काडेपेटीसुद्धा लिहिली होती. सगळं बघून झालं की मी विचारते, ह्यात तुमची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, कुठं धरलीय?

मग एकतर हसतात नाहीतर माझ्याकडंच संशयानं बघतात. "माझी कसली हजेरी मॅडम, मी घरातच असतो की!"

आता चटणीचंच घेऊ, कारण कोल्हापुरात निम्म्या घरगुती धंद्यांची सुरुवात चटणीपासनंच होते. (बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षाचा कांदा-लसूण मसाला.) उन्हाळा लागला की मिरची आणायची, रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, ठसक्याला थोडी लवंगी. मग ती गच्चीवर ऊन खाते, एकेका मिरचीचा देठ काढायचा, हाताची आग रात्री झोपू देत नाही, पोरगं लहान असलं तर त्याला हात लावायचीपण चोरी. कांदा चिरून वाळवायचा, तेलात तळायचा, लसूण सोलायचा, खोबरं, तीळ, धणे, खसखस आणि बाकीचा खडा मसाला वेगवेगळा भाजायचा, एक घाणा जरा करपला की सगळ्याला वास. मग डबे घेऊन डंकावर नंबर लावायचा, शिंकत खोकत तिथं उभं राहायचं, कांडून घरी आणून परत सगळं कालवायचं, मुरवायचं, वजन करून पिशव्या भरायच्या, आणि त्यानंतर व्हॉट्सअपवर "ताई फार तिखट नाही ना?" ह्या प्रश्नाला प्रत्येकीला वेगळं उत्तर द्यायचं.

एक काकी अशाच वही घेऊन आल्या होत्या. त्यांचे खरे आकडे मी इथं देत नाही, हिशोब समजावा म्हणून सोपे आकडे धरते. समजा 20 किलोचा एक घाणा केला. माल किलोला 400 रुपयांत पडला, विकला 600 ला. किलोमागं 200, म्हणजे 20 किलोला 4000 नफा. काकी खूश, घरचे खूश, भिशीतल्या बायका म्हणतात बघा घरबसल्या 4000 कमावले. आता मी काय करते, गॅस, डंकाचे पैसे, पिशव्या आणि लेबलं ह्याचे 800 वजा करते, कारण ते वहीत नसतात, गॅस घरचाच, म्हणून. राहिले 3200. मग विचारते की किती दिवस लागले आणि कोण कोण होतं. काकी आणि त्यांच्या सासूबाई, दोघींचे 5-5 दिवस. म्हणजे 10 दिवसांची मजुरी. शेतात भांगलायला गेलेल्या बाईची हजेरी 300 धरली तर झाले 3000. शिल्लक 200. त्यात नणंदेला एक किलो फुकट गेला की उलट खिशातनंच घालायची पाळी.

हे ऐकून काकी म्हणाल्या, "म्हंजे मी काय फुकट राबलो व्हय?"

फुकट नाही. उलट तेच तर सांगायचंय, तो 4000 धंद्याचा नफा नव्हता, ती त्यांची आणि सासूबाईंची मजुरी होती, फक्त तिला नफा असं नाव पडलं होतं. आणि नफा म्हटला की तो घराचा होतो, मजुरी म्हटली की ती जिची तिची. फरक तिथं पडतो. नफ्यातनं फ्रिजचा हप्ता जातो, दिराला उसने दिले जातात. सासूबाईंच्या 5 दिवसांचे 1500 त्यांच्या हातावर ठेवलेत असं मी तरी अजून कुठल्या घरात बघितलेलं नाही, आणि सुना ह्यात काही कमी नसतात बरं का, आपल्याला नवऱ्यानं धरलं नाही म्हणून रडायचं आणि आपण सासूला धरायचं नाही.

गिऱ्हाईक पण तसलंच. "घरगुती आहे ना, मग थोडं कमी करा की." मॉलमधल्या कंपनीच्या पाकिटावर छापलेली किंमत आपण गुमान देतो, त्यात मशीनवाल्याचा पगार, जाहिरात, डिस्ट्रिब्युटरचं कमिशन, दुकानदाराचा मार्जिन सगळं असतं. ओळखीच्या बाईनं हातानं केलेलं असलं की मात्र ते स्वस्त पाहिजे, कारण तिला काय, घरातच तर असते. आपण सगळेच असं करतो, राजारामपुरीत जनता बाजारापासनं खाली जनता चालत गेली की दोन्ही हातात पिशव्या असतात पण घासाघीस फक्त फुटपाथवरच्या मावशीशी.

ह्या हजेरीच्या नादात मला दुसरी एक गोष्ट दिसायला लागली, ती कागदांची. माझ्याकडच्या फाइलींत दोन जातीच्या मालकिणी आहेत. पहिली जात म्हणजे कागदावर मालकीण आणि बाकी काही नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे पीएमईजीपीत, बाई विशेष प्रवर्गात धरतात, ग्रामीण भागात तिला प्रोजेक्टच्या 35 टक्के अनुदान आणि शहरात 25, सर्वसाधारण पुरुषाला तेच 25 आणि 15, शिवाय स्वतःचे घालायचे पैसे तिला 5 टक्के तर त्याला 10. मग काय, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप असो नाहीतर ब्लॉकचा कारखाना, अर्ज बायकोच्या नावानं. घराची खरेदी तिच्या नावानं कारण 2021 पासनं महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे. योजना वाईट नाहीत, त्या ज्या कारणासाठी केल्यात ते बरोबरच आहे. पण अशी मालकीण सहीला येते तेव्हा मी तिला विचारते की तुमच्या फर्मची उलाढाल किती, तर ती नवऱ्याकडं बघते. रिटर्न भरताना मी फोन करते, "वहिनी ओटीपी सांगा," तर पलीकडनं उत्तर, "ह्यांच्या मोबाईलवर आला असंल, हे बाहेर गेल्यात."

तिच्या नावानं कर्ज आहे, हे तिला माहीत असतं. धंदा बुडाला तर बँकेच्या नोटिशीवर तिचंच नाव असणार, हे बहुतेक वेळा माहीत नसतं, आणि मी ते सांगते तेव्हा नवरे लोकांना मी आगाऊ वाटते. वाटू दे.

दुसरी जात बरोबर उलटी. दुकान ती उघडते, होलसेलवाल्याशी बोलते, उधारी तोंडपाठ, कुठला माल कधी संपतो ते तिला विचारा, आणि लायसन, बँक खातं, भाडेकरार, सगळं नवऱ्याच्या नावावर. कुठलाही फॉर्म भरताना तिच्या व्यवसायाच्या रकान्यात आम्ही लिहितो गृहिणी. हे तोपर्यंत चालतं जोपर्यंत तो आहे. एका वहिनींचा नवरा अचानक गेला. खातं गोठलं, चेक परत आले, होलसेलवाला म्हणाला नवीन नावानं उधारी नाही, आणि बँकेत लोन मागायला गेल्या तर विचारलं, तुमचा स्वतःचा काही इन्कमचा पुरावा? बारा वर्षं जे दुकान त्यांनी चालवलं त्यात त्यांचा एक रुपयासुद्धा कधी पगार म्हणून दाखवलेला नव्हता. कागदाच्या जगात त्या कालच जन्माला आल्या होत्या. आता दुकान परत उभं राहिलंय, भावानं मदत केली, पण त्या सहा महिन्यांत जे झालं ते व्हायची काही गरज नव्हती. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होते, आधारवर, घरात बसून. खाद्यपदार्थ असतील तर छोट्या धंद्याला एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षावाल्यांची, साधी नोंदणी वर्षाला 100 रुपयांत. बायकोला पगार दाखवा, निदान भागीदार तरी करा. एवढंच मी सांगत असते, आणि लोक म्हणतात मॅडम घरातल्या घरात कसला पगार.

घरातल्या घरात. ह्या जिल्ह्याची किती कमाई ह्या घरातल्या घरात होते ते बघायचं तर पहाटे कुठल्याही गावात जा. शेण काढणं, वैरण, पाणी, धार, आणि मग किटली घेऊन डेअरीला. गोकुळ दूध संघ 1963 पासनं आहे, गावोगावच्या दूध संस्थांवर इथली घरं उभी राहिलीत, त्यात वाद नाही. दर 10 दिवसांनी बिल, दिवाळीला फरक, म्हणजे वर्षभराच्या दुधाच्या दरातली राहिलेली रक्कम. उसाचं बिल यायला किती महिने लागतील सांगता येत नाही पण दुधाचं बिल घरखर्च चालवतं. आता म्हशीच्या अंगाला हात कुणाचा लागतो आणि संस्थेच्या पुस्तकात सभासद म्हणून नाव कुणाचं आहे, हे ज्यानं त्यानं आपल्या घरात बघावं. जिथं महिला दूध संस्था झाल्यात तिथं निदान पुस्तक तिच्या नावाचं आहे आणि बिल तिच्या खात्यात येतं. माझ्या माहेरच्या गावात एक मामी आहेत, त्यांनी फक्त एवढंच केलं की नवीन म्हैस घेतली ती स्वतःच्या पुस्तकावर घातली. घरात महिनाभर अबोला होता म्हणे. म्हशीला त्यातलं काही कळलं नाही, दूध तेवढंच.

हुपरीला चांदीचं काम चालतं, पैंजणं देशभर जातात. त्यातलं जोडकाम, घुंगरं लावणं वगैरे बारीक कामं घरोघरी बायका करतात, मजुरी नगावर नाहीतर वजनावर. जेवण करता करता, टीव्ही बघता बघता, पोरांचा अभ्यास घेता घेता करायचं. चप्पलचं तसंच, कोल्हापुरीच्या पट्ट्यावरची वेणी घालायचं नाजूक काम बऱ्याच घरांत बायकांच्या बोटांतनं होतं. 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळाल्याचा केवढा गाजावाजा झाला, महाराष्ट्राचे 4 आणि कर्नाटकाचे 4 जिल्हे त्यात आहेत. मग 2025 च्या जूनमध्ये प्राडा ह्या इटलीच्या कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये तसल्याच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावच घेतलं नाही म्हणून आपण सगळे पेटून उठलो, लाखाच्या आसपास किंमत म्हणे एका जोडाची. राग बरोबर होता. फक्त माझ्या मनात येत होतं की कोल्हापूरचं नाव घेतलं नाही म्हणून एवढं लागलं, आणि वेणी घालणाऱ्या बाईचं नाव तर आपण पण कधी विचारलं नव्हतं. महाद्वार रोडवर जोड घेताना चामडं कुठलं, कातडी टाच आहे का, करकर वाजते का, एवढं सगळं विचारतो.

सरकारी आकडे बघायची मला खोड आहे, धंदाच तसला. पिरियॉडिक लेबर फोर्स सर्व्हे म्हणून दरवर्षी निघतो. त्यात 15 वर्षांवरच्या बायकांचं काम करण्यातलं किंवा काम शोधण्यातलं प्रमाण 2017-18 मध्ये 23.3 टक्के होतं, ते 2023-24 मध्ये 41.7 वर गेलं. भाषणात हा आकडा फार छान वाटतो. पण ह्या वाढीतल्या पुष्कळ बायका स्वयंरोजगारात मोडतात, आणि त्या स्वयंरोजगारात एक मोठा गट आहे घरच्या धंद्यात मदतनीस, म्हणजे जिला पगार नाही अशी. म्हणजे आमच्या दुकानातल्या वहिनी. आकड्यात त्या आल्या हे चांगलंच झालं, आधी तर त्या त्यातपण नव्हत्या, पण आकड्यात येणं आणि हातात येणं ह्यात अंतर आहे. दुसरा एक सर्व्हे वेळेचा आहे, 2024 चा, त्यात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी 289 मिनिटं आणि जे पुरुष ते करतात त्यांची 88. पाऊणेपाच तासांच्या वर. ते पाऊणेपाच तास उरकून मग तिनं उद्योजिका व्हायचं असतं.

म्हणून मला हे सगळ्यांना उद्योजिका करायचं जे खूळ चाललंय त्याची जरा भीती वाटते. 8 मार्च आला की हॉल भाड्यानं घेतात, फेटे बांधतात, नोकरी मागणाऱ्या नको नोकरी देणाऱ्या बना म्हणून भाषण होतं, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत निम्म्या अशा असतात ज्यांना महिन्याला बांधील 12-15 हजाराची, पीएफ कापणारी, घरापासनं अर्ध्या तासावरची एक साधी नोकरी मिळाली असती तर त्यांनी चटणीच्या वाटेला जायचा विचारसुद्धा केला नसता. धंद्याला धोका पत्करावा लागतो, आणि धोका कुणी पत्करायचा, जिच्या नावावर काहीच नाही तिनं? पुरुषाला आपण म्हणतो आधी चार वर्षं कुठंतरी काम शीक, मग स्वतःचं काढ. बाईला मात्र डायरेक्ट मालकीण. का, तर नोकरीला ती बाहेर जाणार, वेळेवर जाणार, वेळेवर येणार, आणि त्या वेळात घरचं कोण बघणार. धंदा कसा, घर सांभाळून होतो. हे घर सांभाळून जे आहे ना, त्यातच सगळी हजेरी जाते.

नोकरीचं एक आहे, तिथं तास मोजतात. कागल एमआयडीसीकडं गारमेंटच्या युनिटात जाणाऱ्या पोरी बघा, सकाळी बसथांब्यावर डबा आणि ओळखपत्र गळ्यात. पगार फार नसतो, सुपरवायझर डोक्यावर असतो, टार्गेट असतं, टॉयलेटला जायलापण विचारावं लागतं असं त्यातली एक सांगत होती आणि ते वाईटच आहे. तरीपण महिन्याच्या 7 तारखेला पैसे तिच्या खात्यावर येतात, त्याची स्लिप असते, ती स्लिप दाखवून ती स्कूटीचं लोन काढू शकते आणि तिच्या मोबाईलवर ओटीपी येतो. माझ्या मते मार्च 2023 पासनं एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं त्यानं जेवढ्या बायका कामाला बाहेर पडल्या तेवढ्या दहा मेळाव्यांनी पडल्या नसत्या. ह्याला माझ्याकडं सर्व्हे नाही, माझ्या ऑफिसला येणाऱ्या पोरीचाच दाखला आहे, ती पन्हाळ्याच्या बाजूनं येते, आधी येण्याजाण्यातच पगाराचा लचका जायचा, आता घरचे म्हणतात जा की, परवडतंय.

आणि हे काही नवीन शिकायची गोष्ट नाही ह्या गावाला. शाहू महाराजांच्या काळात रखमाबाई केळवकर संस्थानात मुलींच्या शिक्षणाचं खातं बघत होत्या, त्यांची मुलगी कृष्णाबाई डॉक्टर झाल्या आणि कोल्हापुरातच दवाखान्यात काम केलं. शंभराच्या वर वर्षं झाली. त्याच काळात, 1917 मध्ये, महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, विधवा पुनर्विवाहाचा कायदा पण त्याच सालचा. जयंतीला आपण जी भाषणं ऐकतो त्यात आरक्षण येतं, कुस्ती येते, राधानगरीचं धरण येतं, पण बाईला अधिकाराची पगारी जागा दिली, हे फार कमी येतं. पगारी, हे महत्त्वाचं.

आता नोकऱ्या का मिळत नाहीत त्याची पण दुसरी बाजू मला टेबलाच्या अलीकडं बसून दिसते. छोटा कारखानदार माझ्यासमोर बसून विचारतो, मॅडम बाई ठेवली आणि तिला दिवस गेले तर? 2017 च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची भरपगारी रजा 26 आठवडे झाली, फार चांगलं झालं, पण जिथं ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू नाही तिथं तो पगार मालकानं स्वतःच्या गल्ल्यातनं द्यायचा. छोट्या वर्कशॉपला ते जड जातं हे खोटं नाही. त्याच दुरुस्तीत पाळणाघराची सक्ती आली, पण ती 50 किंवा जास्त कामगार असतील तिथं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत किती शेड अशा आहेत जिथं वीस-पंचवीस माणसं काम करतात, तिथलं काय? चार-पाच शेडनी मिळून एक पाळणाघर काढायला काय हरकत आहे असं मी एकदा एका बैठकीत म्हणाले, सगळ्यांनी माना डोलावल्या, मग चहा आला. कॉमन पार्किंगवर मात्र त्या दिवशी पाऊण तास चर्चा झाली.

कर्जाचं पण थोडं बोलायला पाहिजे. बचत गटांनी ह्या भागात खरंच काम केलंय, माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, 1975 पासनं आहे, उमेद हे ग्रामीण जीवनोन्नती अभियान 2011 पासनं, गटाला 20 लाखांपर्यंत बिनतारण कर्ज मिळतं, आणि ज्या बाईनं कधी बँकेची पायरी चढली नव्हती ती आता मॅनेजरला नावानं हाक मारते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण त्याच गल्लीत मायक्रो फायनान्सवाले पण फिरतात. पाच-दहा जणींचा ग्रुप, एकीनं हप्ता चुकवला की बाकीच्यांनी भरायचा, वसुलीचा पोरगा दारात बसून राहतो. एका बाईच्या अशा तीन-तीन कंपन्या चालू असतात, एकीचा हप्ता दुसरीतनं. रिझर्व्ह बँकेनं 2022 पासनं नियम केलाय की घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर हप्ते जाता कामा नयेत, पण उत्पन्न किती हे कागदावर लिहिणारा कोण, तर कर्ज देणाराच. कर्जाचं कारण व्यवसाय असं लिहिलेलं असतं आणि पैसे गेलेले असतात पोरीच्या लग्नात नाहीतर दवाखान्यात. बाई हप्ता चुकवत नाही असं कौतुक करतात. का चुकवत नाही ते कुणी विचारत नाही, तिला गल्लीत राहायचं असतं.

त्यापेक्षा मला म्हसवडचं उदाहरण आवडतं. आपल्या जवळच्याच सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. चेतना गाला सिन्हा तिथल्या बायकांसाठी बँक काढायला गेल्या तर रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर. त्या बायका लिहायला वाचायला शिकल्या आणि परत गेल्या, आणि म्हणाल्या की रक्कम सांगा, कॅल्क्युलेटरशिवाय व्याज आम्ही काढतो, तुमचे अधिकारी पण काढू देत, बघू. 1997 मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. मला त्यातलं व्याज काढण्याचं धाडस तर आवडतंच, पण त्याहून जास्त हे पटतं की त्या बँकेची सुरुवात कर्जावरनं झाली नव्हती. वेल्डिंग करणाऱ्या एका बाईला रोजचे थोडे पैसे ठेवायला जागा पाहिजे होती आणि बँका तिचं एवढंसं खातं उघडत नव्हत्या. म्हणजे तिच्याकडं कमाई होती, ती ठेवायची कुठं हा प्रश्न होता.

लाडकी बहीणचे 1500 मी वाईट म्हणणार नाही. 2024 मध्ये आधार जोडायला बँकांसमोर ज्या रांगा लागल्या होत्या त्यात कितीतरी जणींचं ते पहिलं एकटीचं खातं होतं, आणि एका मावशीनं त्यातनं चष्मा केला, चार वर्षं राहिलेला. पण ते ओवाळणीसारखं आहे, दिलं तर दिलं. मजुरी मागता येते, ओवाळणी मागता येत नाही.

सध्या माझं एका क्लायंटशी वाजलंय. मशीन शॉप आहे त्यांचं, ऑटोमोबाईलचे पार्ट करतात, पोरं टिकत नाहीत म्हणून त्यांनी आयटीआय केलेल्या सहा मुली घेतल्या, सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, आणि इन्स्पेक्शनला. मालक माझ्यासमोर बसून कौतुक करतात, "मॅडम एक नंबर काम बघा, दांड्या न्हाईत, तंबाखूला भाईर जाणं न्हाई, रिजेक्शन कमी झालं." मी म्हटलं छान, आणि पगारपत्रक उघडलं तर त्याच मशीनवर त्याच शिफ्टला मुलाला 16500 आणि मुलीला 13000. मी विचारलं हे काय. म्हणाले, "पोरास्नी घर चालवायचं असतंय, ह्या काय लग्न होऊन जाणार." समान कामाला समान पगार हे 1976 पासनं कायद्यात आहे असं मी सांगितलं, त्यांना ते माहीत होतं. मग मी त्यांच्याच भाषेत आले, म्हटलं रिजेक्शन कमी झाल्याचे पैसे काढूया का, मुलगा सोडून गेला की नवा शिकेपर्यंत जाणारा माल पण धरूया. कॅल्क्युलेटर घेऊन बसलो दोघं, अर्धा तास. आकडा काय निघाला ते त्यांच्या धंद्याचं आहे, सांगत नाही, पण सहा मुलींना मिळून महिन्याला जे 21000 कमी दिले जात होते त्याच्या वर निघाला.

"बघतो," म्हणाले. मी म्हटलं मागच्या महिन्यांचा फरकपण काढावा लागेल. तर उठताना म्हणाले, "ते काय न्हाई हं मॅडम, फरक बिरक न्हाई. दूध संघ हाय व्हय माझा?" मुलींपैकी एकीला मी ओळखते, तिला मुलांचा पगार किती आहे ते सांगितलेलं नाही, क्लायंटची गोष्ट बाहेर सांगणं आमच्या धंद्यात बसत नाही. पण जेवणाच्या सुट्टीत पोरं बोलतात की. तिला कळलेलंच आहे, परवा तिनं मला फोन करून विचारलं की मॅडम, पगाराची स्लिप लेखी मागायचा हक्क असतो का आपल्याला? मी म्हटलं असतो. म्हणाली, "मग सहाजणी मिळून मागतो."